दप्तर कोणी उघडावयाचे?

गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या निमित्ताने, माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी लिहिलेल्या 'कृतिसंशोधना'च्या अहवालांचे परीक्षण करण्याचे काम प्रस्तुत लेखकाच्या वाट्यास आले. कॉलेजात सारा जन्म घालविलेल्या मनुष्यास गठ्ठे तपासण्याची सवय असते. परंतु हा गठ्ठा तपासून झाल्यावर मनास जी अस्वस्थता आली ती अद्यापि गेलेली नाही. अहवाल नीटनेटके होते, समासासह होते, त्यांत आलेख होते, छायाचित्रे होती. आणि एक सोडून बाकी सर्व अहवालांतील प्रयोग यशस्वी झालेले होते. कोणाच्या वर्गाचे शुद्धलेखन महिनाभरात सुधारले होते, कोणाच्या मुलांची भूमितीची भीती पळाली होती, कोणाची मुले इंग्रजीत बोलू लागली होती. जगातील कोणत्याही प्रयोगशाळेस जे आजवर साधले नाही ते आमच्या शाळांस साधले आहे असे मानावे, किंवा या साऱ्या प्रकारात मुळातच काही खोट आहे असे मानावे, याखेरीज तिसरा मार्ग मला दिसेना.

जो एक अहवाल निराळा होता तो एका लहान गावातील विज्ञानशिक्षिकेचा होता. 'बल', 'कार्य', 'शक्ती' या शब्दांचे अर्थ मुलांनी स्वतःच्या बोलीत समजावून लिहिले म्हणजे त्यांचा घोटाळा कमी होईल, अशी बाईंची अपेक्षा होती. सहा आठवडे त्यांनी तसे लिहून घेतले. अखेरीस त्यांनी सरळ लिहिले होते की, घोटाळा होता तेवढाच राहिला. काही मुलांच्या बाबतीत तर तो वाढला. पाठीमागे त्यांनी मुलांचीच काही वाक्ये उतरून दिली होती. एका मुलाने विचारले होते, 'डोक्यावर ओझे घेऊन उभा असलेला हमाल काहीच कार्य करीत नाही असे पुस्तक म्हणते; मग त्याला घाम कशाचा येतो आणि मजुरी कशाची मिळते?' साऱ्या गठ्ठ्यात मला जागे करणारे असे हे एकच पान होते. आम्हा परीक्षकांच्या मंडळाने या अहवालास सर्वांत कमी गुण दिले. शेरा होता, 'उद्दिष्ट साध्य झाले नाही.' त्या गुणपत्रकावर इतरांप्रमाणे माझीही सही आहे. ती सही करताना मी वाद घातला नाही, ही गोष्ट येथे आरंभीच कबूल केली पाहिजे; कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यातील दोषारोपाचा वाटा माझ्याही पदरात पडतो.

माध्यमिक शिक्षकांच्या अंगी संशोधनाची पात्रता आणली पाहिजे, असे आज सर्वच म्हणतात. अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात कृतिसंशोधन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षास निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे सांगितले आहे. तेव्हा हेतूबद्दल वाद नाही. माझा वाद आहे तो या हेतूचे आम्ही जे मातेरे केले आहे त्याच्याशी. संशोधन ही शंका घेण्याची विद्या आहे. आम्ही तिचा तक्ता केला. आणि तो भरून आणण्याची सक्ती करून, ज्या शिक्षकाच्या मनात शंका येण्याचा संभव होता त्यालाही शंका लपविण्याची सवय लावली.

हा तक्ता आता सर्वांस पाठ झालेला आहे. समस्या, उद्दिष्टे, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष, शिफारशी. वर्गातील सर्वांत मागे पडलेली दहापंधरा मुले निवडावयाची, त्यांची चाचणी घ्यावयाची, महिनाभर काही उपक्रम करावयाचा, पुन्हा चाचणी घ्यावयाची आणि गुण वाढले की उपक्रम यशस्वी म्हणून जाहीर करावयाचे. या रीतीत गुण वाढणार हे उपक्रमाच्या आधीच ठरलेले असते, ही गोष्ट तक्ता देणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आहे कोण जाणे. परीक्षेतील गुण मुलाच्या ज्ञानावर अवलंबून असतात तसेच ते त्या दिवशीच्या योगायोगावरही असतात. कोणास ताप होता, कोणाचे लक्ष नव्हते, कोणाला नेमका न केलेला धडा आला. सर्वांत कमी गुणांची मुले वेगळी काढली म्हणजे त्यांत अशी दैव रुसलेली मुले अधिक सापडणारच. आणि दुसऱ्या खेपेस दैव पुन्हा त्यांच्याच मागे लागेल असे नाही. म्हणून गुरुजी महिनाभर खुर्चीवर डुलक्या घेत बसले तरी त्या दहापंधरा मुलांची सरासरी थोडी वर सरकावी हेच संभवनीय. टोकाच्या मोजमापांचा मध्याकडे सरकण्याचा हा कल फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ साली आईबापांच्या व मुलांच्या उंचीवरून दाखवून दिला. आमच्या तक्त्यास त्याची वार्ता नाही. शिवाय दोन्ही चाचण्या बहुधा सारख्याच असतात, तेव्हा पहिलीचा सराव दुसरीस उपयोगी पडतो; आणि मधल्या महिन्यात मुले नेहमीच्या तासांनाही बसलेली असतात, तो लाभही उपक्रमाच्याच खात्यावर जमा होतो. शेजारच्या तुकडीत उपक्रमाशिवाय काय झाले हे पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. ज्याने असा अहवाल लिहिला तो शिक्षक अप्रामाणिक असतो असे नाही. त्याला जे माप हाती दिले तेच खोटे आहे.

या शब्दाचा इतिहास पाहिला तर ही अवनती अधिकच खुपते. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली ही कल्पना मांडली आणि १९५३ साली स्टीफन कोरी याने ती शाळांच्या क्षेत्रात आणली, तेव्हा तिच्यामागे एक लोकशाहीवादी श्रद्धा होती. जो काम करतो त्यानेच आपल्या कामाची चौकशी करावी, दुसऱ्याच्या निष्कर्षांचा हमाल होऊ नये, ही ती श्रद्धा. पुढे १९७५ साली लॉरेन्स स्टेनहाउस या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे असे आग्रहाने प्रतिपादिले. आम्ही त्यांचे नाव घेतले आणि जीव टाकून दिला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

येथे माझे काही विद्वान सहकारी म्हणतील, 'हे असेच व्हावयाचे. संशोधन हे विद्यापीठाचे काम आहे. शाळामास्तराने नेमलेले पुस्तक नीट शिकवावे. तेवढे केले तरी पुष्कळ झाले.' हे मत आमच्या कॉलेजांतून फार पसरलेले आहे आणि ते नम्रतेच्या वेषात वावरणारे गर्विष्ठ मत आहे. महाराष्ट्राच्या विद्येचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित कोण होते? विद्यापीठाची पदवी नसलेले, ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून गावोगावच्या शाळांत शिकविणारे शाळामास्तर. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड एकामागून एक काढून पटवर्धन सरदारांची दप्तरे उजेडात आणणारे वासुदेवशास्त्री खरे कोण होते? मिरजेच्या हायस्कुलात मुलांकडून संस्कृतची रूपे पाठ करून घेणारे शास्त्रीबुवा. आणि देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर? कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. फार तर सात वेळांत तुम्ही ६१७४ वर येऊन पोहोचता. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. या संख्येस आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. मार्टिन गार्डनर याने १९७५ साली आपल्या अमेरिकेतील सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा निवृत्त होऊन त्यांस तेरा वर्षे झाली होती. तोवर आमच्या विद्यापीठांतील पुष्कळांनी त्यांस आकड्यांचा छांदिष्ट म्हणूनच वागविले. त्यांची पदवी बी. एस्‌सी.ची होती, एवढेच त्यांचे न्यून!

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. दीक्षित, खरे, कापरेकर ही असामान्य माणसे. शिवाय त्यांचे संशोधन ज्योतिषाचे, इतिहासाचे, गणिताचे होते, अध्यापनाचे नव्हते. असामान्यांचे दाखले देऊन सामान्यांवर ओझे का लादावे? माझे उत्तर असे की, सर्व शिक्षकांनी दीक्षित व्हावे असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्या शाळेत असा एक मनुष्य हिंडत असतो त्या शाळेतील मुलांस एक गोष्ट न शिकविता कळते. ती ही की, मोठ्या माणसांनाही सर्व ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची एक रीत असते. आज आम्ही मुलांकडून प्रकल्प मागतो आणि ते प्रकल्प कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात. गुरुजींचा अहवाल जर उतरवून आणलेला असेल तर मुलाचा प्रकल्प विकत आणलेला असावा यात नवल कसले? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

याहून महत्त्वाचे उत्तर दुसरे आहे. मराठी शाळेतील शिक्षकासमोर असे कित्येक प्रश्न आहेत की जे जगात दुसऱ्या कोणासमोर नाहीत आणि म्हणून दुसरा कोणी ते सोडविणार नाही. वर सांगितलेल्या बाईंचाच प्रश्न पहा. विज्ञानाच्या पुस्तकात बल निराळे, शक्ती निराळी, ऊर्जा निराळी. घरात मात्र आजोबांच्या अंगात बळ नाही, शक्ती नाही, असे आपण एका दमात म्हणतो. वाण्याच्या दुकानात वजन किलोग्रॅममध्ये असते. विज्ञानाच्या तासाला तेच वजन न्यूटनमध्ये मोजावयाचे आणि किलोग्रॅममध्ये मोजतात त्याला वस्तुमान म्हणावयाचे. इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या अडचणींवर परदेशांत ग्रंथ लिहिले गेले आहेत. हमालाच्या मजुरीविषयी विचारणाऱ्या आमच्या मुलाचा घोटाळा 'कार्य' या मराठी शब्दापाशी कोणत्या वळणाने येतो, याची नोंद लंडनचा वा न्यूयॉर्कचा कोणता पंडित करणार? ती त्या मुलाच्या बाईंनीच करावयाची. आणि त्यांनी केली, तेव्हा आम्ही त्यांना शेवटच्या क्रमांकावर बसविले.

२०१९ च्या जून महिन्यातील वाद वाचकांस आठवत असेल. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'सत्तावन्न' याच्या जोडीस 'पन्नास सात' असे वाचन दिले, आणि त्यावरून महाराष्ट्रात गहजब उडाला. वर्तमानपत्रांत अग्रलेख झाले, विधिमंडळात कोट्या झाल्या, घराघरांत भाषेच्या अस्तित्वाची चिंता वाहिली गेली. प्रश्न खरा होता. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. 'एकोणसाठ' म्हणताना तर साठातून एक वजा करतो. इंग्रजीत व दक्षिणेकडील भाषांत या आकड्यांचा दशक आधी बोलला जातो. तेव्हा मराठी मुलास ही अडचण जाते काय, किती मुलांस जाते, कितव्या इयत्तेपर्यंत पुरते, हे मोजून पाहण्यासारखे होते. आठवी-नववीच्या वर्गातही फळ्यावर आकडे सांगताना एकोणसत्तर व एकोणऐंशी यांची अदलाबदल करणारी मुले असतात, हे शिकविणारा प्रत्येकजण खासगीत सांगतो. पण त्या महिन्यात मी जेवढे वाचले व ऐकले त्यांत 'माझ्या वर्गातील इतक्या मुलांस मी इतके आकडे सांगितले आणि इतक्या चुका अशा प्रकारच्या झाल्या' असे सांगणारा एकही शिक्षक मला आढळला नाही. बाजू घेणारे शेकडो होते. मोजणारा दिसला नाही. ज्यांच्यापाशी पुरावा असावयास पाहिजे होता ते गप्प, आणि ज्यांच्यापाशी केवळ आवाज होता ते निर्णायक! शिक्षकांच्या अंगी संशोधनवृत्ती नसल्याने समाजाचे काय नुकसान होते याचा याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

मग ही पात्रता म्हणजे नेमके काय? पोथ्या बाजूस ठेवल्या तर ती चार साध्या कौशल्यांत सामावते. प्रश्न लहान करता येणे. मुलांच्या चुका वाचता येणे. आपल्या निष्कर्षाविरुद्धचे कारण आपणच शोधता येणे. आणि दुसऱ्याने केलेले संशोधन पारखून घेता येणे. एक उदाहरण देतो. ०.४५ मोठे की ०.५ मोठे, असा प्रश्न विचारला असता पुष्कळ मुले ०.४५ म्हणतात, कारण त्यांच्या मते पंचेचाळीस पाचाहून मोठे. येथवर सर्व शिक्षकांस माहीत असते. परंतु ज्यांनी ०.५ असे बरोबर उत्तर दिले त्यांतही काही मुले अशी असतात की, दशांशचिन्हापुढे जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, असा त्यांचा समज असतो. त्यांना ०.३ व ०.४७ यांतील मोठी कोणती असे विचारा. ती निःशंकपणे ०.३ म्हणतील. म्हणजे पहिल्या प्रश्नास पूर्ण गुण मिळविणारे मूल अज्ञानात आहे आणि त्याच्या गुरुजींस त्याचा पत्ता नाही. ही दोन अज्ञाने निराळी, त्यांवरचे उपायही निराळे. गुणांची बेरीज करणाऱ्यास दोन्ही मुले कधी ओळखू यावयाची नाहीत. दुसरा प्रश्न योजून विचारणारासच ती ओळखू येतील. त्याला परिकल्पना हा शब्द ठाऊक नसला तरी चालेल. त्याने परिकल्पना केली आणि ती तपासली.

चौथ्या कौशल्याचे तर आज फारच अगत्य आहे. प्रशिक्षणवर्गांतून शिक्षकांस बेधडक सांगण्यात येते की, काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून शिकतात, काही हाताळून शिकतात. तेव्हा ज्याची जी शैली त्याला त्या शैलीने शिकवावे. कल्पना गोड आहे. परंतु २००८ साली हॅरल्ड पॅशलर व त्यांचे तीन सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाची झडती घेतली, तेव्हा शैलीप्रमाणे शिकविल्याने मूल अधिक शिकते असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही असाच निर्णय त्यांस द्यावा लागला. ज्या शिक्षकास 'याला पुरावा काय?' एवढे तीन शब्द विचारण्याचे शिक्षण मिळालेले नाही तो शासनाच्या, प्रकाशकांच्या आणि आता संगणकाच्या पडद्यावरून विद्या विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या प्रत्येक नव्या टूमेचा बळी होणार. दरसाल नवे नाव, नवा उपक्रम, नवी वही. आणि जुना उपक्रम का सोडला याची चौकशी कोठेच नाही.

'पण वेळ कोठून आणावा?' हा शिक्षकांचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावणे हा निर्दयपणा होईल. साठसाठ मुलांचे वर्ग, निवडणुकांच्या याद्या, माहितीची रोजची पत्रके, यांतून शिक्षक मोकळा होतो तेव्हा दिवस मावळलेला असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणूक यांव्यतिरिक्त शिक्षणबाह्य कामे शिक्षकांस देऊ नयेत असे म्हटले आहे. परंतु कलमातील अपवादच शाळेचे वेळापत्रक ठरवितात आणि न लिहिलेली कामे निराळीच. शासनास माझे म्हणणे एवढेच की, ज्याचा वेळ तुम्ही पत्रके भरण्यात घालविता त्याच्याकडून आणखी एक पत्रक भरून घेऊन त्याला संशोधक म्हणू नका. शिक्षकांस मात्र मी निराळे सांगेन. मी ज्या संशोधनाविषयी बोलत आहे ते तपासणीहून वेगळे काम नव्हे. ती तपासणीच, जराशी थांबून केलेली. साठ उत्तरपत्रिका तुम्ही तपासणारच आहात. त्यांतील एकाच प्रश्नापुरत्या चुका गुण देतानाच तीन-चार प्रकारांत वेगळ्या करून कागदाच्या चिटोऱ्यावर मांडल्या तर तास दीड तास अधिक लागेल; आणि पुढच्या वर्षी तोच धडा शिकविताना तो चिटोरा कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाहून अधिक उपयोगी पडेल.

निव्वळ दोष दाखवून थांबणे हे विरोधी पक्षाचे भाग्य आहे; शिक्षकाला ते परवडत नाही. म्हणून काय करता येईल तेही सांगतो. जपानातील शिक्षकांत 'जुग्यो केन्क्यू' म्हणजे पाठाचा अभ्यास करण्याची एक जुनी चाल आहे. चारसहा शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. एकजण तो वर्गात शिकवितो. बाकीचे मागे बसून गुरुजींकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात. नंतर सर्वजण एकत्र बसून कोठे मुले अडली याची चर्चा करतात, आणि पाठ दुरुस्त करून पुन्हा शिकवितात. यास अनुदान लागत नाही, आलेख लागत नाहीत. लागते ते एवढेच की, आठवड्यास दोन तास जवळच्या दोनतीन शाळांतील एकाच विषयाच्या शिक्षकांस एकत्र बसू द्यावे, आणि तेथे वरिष्ठांनी उपदेश करावयास जाऊ नये. दुसरी गोष्ट, वार्षिक अहवालांची सक्ती बंद करावी. ज्याला प्रश्न पडला आहे त्याने एक पान लिहावे: मला काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्ष काय झाले, आणि त्याचे दुसरे कोणते कारण असू शकेल. मुलांची नावे त्यात नसावीत. तिसरी गोष्ट, स्पर्धा घ्यावयाचीच तर फसलेल्या प्रयोगांची घ्या. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिण्यास जे धैर्य लागते ते यशाच्या आलेखास लागत नाही. आणि एका शाळेत जे फसले ते दहा शाळांस कळले तर दहा शाळांचे श्रम वाचतात.

आणि चौथी गोष्ट आम्हा कॉलेजवाल्यांची. शाळांतून येणारी मुले कच्ची असतात हे गाऱ्हाणे गात आम्ही आमची उमर घालविली. आमची ग्रंथालये, आमची नियतकालिके, आमचा मोकळा वेळ यांत गावच्या शाळेतील शिक्षकास वाटा देण्याचे आमच्या मनात आले नाही. त्यांच्याकडे गेलो ते उद्घाटनास किंवा परीक्षक म्हणून. शाळेच्या मागच्या बाकावर बसून पंधरा दिवस मुलांचे बोलणे ऐकण्याची आमच्यापैकी कोणाची तयारी असेल तर शिक्षकांस संशोधन शिकविण्याचा अधिकार त्याला पोहोचतो, इतरांस नाही.

मराठीत 'दप्तर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जुन्या कागदांचा रुमालात बांधलेला संग्रह, आणि दुसरा मुलाच्या पाठीवरचा. पहिल्या दप्तराची आमच्या पूर्वजांनी काय सेवा केली! रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मिरजेच्या शास्त्रीबुवांनी शाळेतील नोकरी सांभाळून मोडी वाचता वाचता डोळे शिणविले. मेलेल्या सरदारांनी एकमेकांस काय लिहिले हे जाणण्यासाठी एवढी तपश्चर्या! दुसऱ्या दप्तरात जिवंत मुलांची अक्षरे आहेत. त्यांत त्यांना काय समजले, काय समजले नाही, आणि आम्ही शिकविलेले त्यांनी आपल्या मनाने काय करून घेतले, याचा अस्सल पुरावा रोज पडतो. आणि दर उन्हाळ्यात तो रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. खरेशास्त्र्यांपाशी रुमाल सोडण्यापूर्वी निष्कर्ष तयार नव्हता, म्हणूनच त्यांना काही सापडले. आम्ही मात्र शिक्षकास निष्कर्ष आधी देतो आणि दप्तर न उघडताच सही करून पाठवावयास सांगतो.

हमालाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलास त्याच्या बाईंनी पुढे काय उत्तर दिले हे मला ठाऊक नाही. तो अहवाल शाळेत परत गेला, त्यासोबत आमचा शेरा गेला. बाईंनी पुढील वर्षी अहवाल पाठविलाच तर तो यशस्वी झालेला असेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. तसे घडले तर एक संशोधक आम्ही बुडविला असेच म्हणावे लागेल; आणि त्या गुणपत्रकावर, सांगितलेच आहे, माझी सही आहे.